आधी पेक डेक की आधी बेंच? प्री-एक्झॉस्टचा इतिहास

जिममध्ये कुणाची छाती येत नसेल तर एक सल्ला हमखास मिळतो, आधी पेक डेक (बसून दोन्ही हात छातीसमोर जवळ आणायचं मशीन) मार, छाती पेटव आणि मग बेंच प्रेसला (आडवं पडून छातीवरून वजन वर ढकलणं) जा. हे खूळ, म्हणजे प्री-एक्झॉस्ट (मसल आधीच दमवणं), जुनंय. १९६८ साली रॉबर्ट केनेडीने (राजकारणातला नव्हे, बॉडीबिल्डिंगवर लिहिणारा) आयर्न मॅन मासिकात ते मांडलं. त्याचं म्हणणं असं की बेंच प्रेसमध्ये छातीच्या आधी ट्रायसेप्स (दंडाच्या मागचा मसल) ढेपाळतात आणि सेट तिथेच संपतो, मग छातीला पुरेसा मार बसणार कसा? म्हणून आधी फ्लायने (पेक डेकसारखंच, हात पसरून जवळ आणणं) एकटी छाती दमवायची आणि लगेच बेंच, तेव्हा ट्रायसेप्स ताजे असतात, ते छातीला ओढून नेतात.

आपल्या तालमीत जोर-बैठका म्हणजे सगळं अंग एकदम, तिथे एकट्या मसलचा विचार फारसा नव्हताच. अमेरिकेत मात्र बॉडीबिल्डिंग मासिकांचा प्रकाशक जो वीडर आधीपासून सांगायचा की मागे राहिलेला पार्ट ताज्या दमात पहिला मारा. अर्नोल्ड श्वार्झनेगरने तर पोटऱ्या बारीक म्हणून पँटचे पायच कापले, सगळ्यांना दिसू देत म्हणजे आपोआप लाज वाटून मेहनत होईल!

केनेडीची आयडिया खरी उचलली आर्थर जोन्सने. त्याने १९७० ला नॉटिलस नावाची व्यायामाची मशीन आणली आणि पुढे डबल मशीनही काढल्या, म्हणजे त्याच सीटवर लेग एक्सटेन्शन (बसून नुसते गुडघे सरळ करणं, एकट्या मांडीसाठी) संपलं की न उठता लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं), कारण मधे थोडा जरी वेळ गेला तरी मसल सावरतो. पुढे बॉडीबिल्डर डोरियन येट्स लॅट्ससाठी (पाठीचे रुंद मसल) आधी एकट्या लॅट्सचा पुलओव्हर मारायचा मग दंडही लागणारा पुलडाऊन, आणि १९९२ ते ९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगचा सगळ्यात मोठा किताब, त्याच्याकडेच.

गंमत पुढे झाली. २००३ मध्ये स्वीडनमध्ये मसलवर इलेक्ट्रोड लावून मोजून बघितलं तर लेग एक्सटेन्शननंतर लेग प्रेसमध्ये मांडीचं काम वाढायच्या ऐवजी कमीच झालं, रेप्सही (एका सेटमधल्या आवृत्त्या) घटले. २००७ च्या ब्राझीलच्या अभ्यासात पेक डेकनंतर बेंच मारली तर छाती होती तेवढीच, काम वाढलं ते ट्रायसेप्सचं! म्हणजे केनेडीचं गणितच उलटं. अर्थात इलेक्ट्रोड लावून एका सेटमध्ये जे दिसतं ते म्हणजे वाढलेला मसल नव्हे, हेही खरंय, आणि येट्सची पाठ सगळ्यांनी बघितलीय.

नंतरच्या अभ्यासांत ताकदीपुरतं तरी एक दिसलं, सेशनमध्ये जे आधी मारता त्यातच जास्त वाढ होते, मग तो कंपाऊंड (बेंचसारखा, अनेक मसल एकदम) असो की आयसोलेशन (फ्लायसारखा, एकटा मसल). त्यामुळे छातीसाठी बेंच आधी आणि फ्लाय नंतर बरं, पण रिअर डेल्टच (खांद्याचा मागचा मसल) मागे राहिला असेल तर रिअर डेल्ट फ्लायने सुरुवात करायला काहीच हरकत नाही.