कोल्हापुरी उच्चारामुळे इंग्रजीत नापास होतात का?

'इंग्रजांसारखा उच्चार नसेल तर सुरुवातीच्या इंग्रजी परीक्षेतही नापास करतात.' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शाळेत इंग्रजी ऐकायला कमी मिळालं की असं वाटणं साहजिकच आहे. पण ते खरं नाही.

इंग्रजीच्या बऱ्याच परीक्षा २००१ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय भाषा-चौकटीच्या ए१ ते सी२ या सहा पातळ्यांवर बेतलेल्या असतात. ए१ म्हणजे पहिली पायरी. इथं स्वतःची ओळख, पत्ता, घरची माणसं एवढं साध्या वाक्यांत सांगता यावं लागतं, तेही समोरचा सावकाश बोलत असताना. ए२ च्या वर्णनात तर स्पष्टच म्हटलंय की उच्चारात परकी लकब जाणवली तरी बोलणं कळलं पाहिजे. म्हणजे कसोटी समजण्याची आहे, नकलेची नाही.

उच्चाराकडे लक्षच नको, असं मात्र नाही. 'आय लिव्ह निअर रंकाळा' मधलं 'लिव्ह' लांबलं की 'लीव्ह' होतं आणि 'राहतो'चं 'सोडून जातो' होतं. मेहनत घ्यायची ती इथं.

खात्री स्वतःच करा. परीक्षेच्या संकेतस्थळावर गुणदानाचे निकष असतात, ते आधी वाचा. मग मोबाइलवर एक मिनिट स्वतःची ओळख रेकॉर्ड करा आणि राजारामपुरीतल्या मैत्रिणीला किंवा शेजारच्या काकांना, मजकूर न दाखवता, ऐकवा. ऐकलं ते त्यांना लिहायला सांगा. जो शब्द चुकीचा लिहिला जाईल, तेवढाच पुन्हा घोटायचा.