पार्श्वभूमी : कॉलेजात गोठा कसा आला?

'कमवा आणि शिका' म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथालयात पुस्तकं लावून तासावर मानधन घेणारा गरजू मुलगा येतो. मुळात ही कल्पना इतकी केविलवाणी नव्हती. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह चालवलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं स्वयंपाक, दळण, शेती स्वतः करत आणि एका पंगतीत जेवत. पैशांची चणचण होतीच, पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही त्यात गेलं. पण एकत्र राबल्याशिवाय ही पंगत बसली नसती, असं मला वाटतं. १९४७ मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही निवासी आणि मोफत. वर्ध्याची नई तालीम, म्हणजे गांधीजींची हातकामातून शिकवायची योजना, १९३७ ची, पण तिचा भर शाळेवर.

अमेरिकेत हाच विचार भलत्याच दारातून आला. एल. एल. नन हा वीज-उद्योजक. १८९१ मध्ये त्याने कोलोरॅडोत एसी, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाचं, वीजकेंद्र उभारलं, पण ते चालवणारी माणसं मिळेनात. म्हणून पोरांना कामावर घेऊन तिथेच शिकवायला लागला. त्यातून १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात डीप स्प्रिंग्ज कॉलेज झालं. विद्यार्थी जेमतेम पंचवीस-तीस, फी नाही, आठवड्याला साधारण वीस तास काम: धारा काढणं, गवत कापणं, स्वयंपाक. नव्या मुलांची निवड आणि प्राध्यापकांची नेमणूक यांतही विद्यार्थ्यांचा हात. मुलींना मात्र प्रवेश मिळाला २०१८ मध्ये, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेल्यावर!

गोव्यात असं काही का रुजलं नाही? पोर्तुगीज काळात १८५४ चं लिसेंव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाचं सरकारी विद्यालय, होतं, पण त्याची वाट कचेरीकडे जाणारी. मराठी शाळा लोकांनी स्वबळावर काढल्या. पणजीचं मुष्टिफंड तर घरोघरच्या मूठमूठ तांदळावर. म्हणजे साताऱ्यासारखी जमीन इथेही तयार होती. मुक्तीनंतर १९६२ मध्ये धेंपे आणि चौगुले ही पहिली कॉलेजं निघाली ती खाण-उद्योजक घराण्यांच्या देणगीतून. विद्यार्थ्यांच्या घामावर संस्था चालवायची गरजच पडली नाही. शिवाय कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत), खाजनात (खाडीकाठच्या भातशेतीत) राबणाऱ्या बापाला पोरगा त्यातून सुटलेला हवा होता, आणि त्यात चूक काय?

कृषी पदवीसाठी तर गोव्याबाहेर जावं लागे. केपे तालुक्यात सुळकर्णे इथे डॉन बॉस्कोचं कृषी महाविद्यालय निघालं २०१५ मध्ये. तिथली मुलं शेतात उतरतात, पण ते काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, गुणांसाठी. कॉलेजची चूल त्यावर पेटत नाही.