मायनर्स लेट्यूस : गोल पानाची वाट पाहू नका

कॅलिफोर्नियात ओकच्या सावलीत उगवणाऱ्या मायनर्स लेट्यूस या रानटी पालेभाजीबद्दल एक समज पक्का आहे: पान गोल असेल, मधून देठ आरपार गेला असेल, तरच ते खरं. म्हणून बागेत पेरणारे त्याची कोवळी रोपं तण समजून उपटतात. फार वाईट वाटतं!

खरं तर ते एक पान नव्हेच. फुलाच्या दांड्याभोवती दोन पानं जुळून ती वाटी होते. त्याआधीची पानं लांबट, चमच्यासारखी असतात आणि तीही कच्ची खाता येतात. चिरलेल्या देठातून पांढरा चीक आला, तर मात्र ती दुसरीच वनस्पती, खाऊ नका.

१८४९च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोनं शोधायला झालेल्या धावपळीत खाणकामगारांनी स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) टाळायला हीच भाजी खाल्ली. तिथले मूळ रहिवासी त्याच्या कितीतरी आधीपासून खात होते. बी हिवाळी पावसात, सावलीत टाका.