खून व शस्त्र कायद्याखालील शिक्षेवरील अपील (मुंबई)

मुंबईच्या सत्र न्यायालयाने खून आणि बेकायदा शस्त्र या आरोपांखाली दोषी ठरवलेल्या व्यक्तीला उच्च न्यायालयात अपील करता येते. मुदत ६० दिवसांची, फाशी असेल तर ३० दिवसांची. वकील परवडत नसलेला कैदी तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवतो आणि त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. फाशी तर उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही.

खून आणि जन्मठेपेची अपिले दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतात. खंडपीठ सगळा पुरावा नव्याने तोलते, पण साक्षीदार सहसा पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. युक्तिवाद होतो तो पेपरबुकातल्या (खालच्या कोर्टातल्या कागदपत्रांच्या छापील संचातल्या) जबान्या, पंचनामे आणि अहवालांवर. म्हणूनच खालच्या कोर्टातली उलटतपासणी इतकी मोलाची. तिथे विचारायचा राहिलेला प्रश्न अपिलात भरून काढणे फार कठीण जाते.

गोळीबाराच्या खटल्यात खरा कस मुद्देमालाचा लागतो. पिस्तूल जप्त करताना पंचांसमक्ष लाखेचे सील लागले का? कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते कोणाच्या ताब्यात होते? पुंगळीवरची (झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या नळीवरची) फायरिंग पिनची खूण आणि मृतदेहातून काढलेल्या गोळीवरचे चरे त्याच हत्याराचे आहेत का? यातला एखादा दुवा निसटला की संशयाचा फायदा आरोपीला मिळू शकतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पंच फितूर झाला म्हणून मात्र जप्ती आपोआप बाद होत नाही.

दोन्ही आरोप स्वतंत्रपणे तपासले जातात. विनापरवाना शस्त्राच्या खटल्याला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३९ नुसार पूर्वमंजुरी लागते. मुंबईत जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. मंजुरीच नसेल तर तो आरोप कोसळतो, खुनाची शिक्षा मात्र इतर पुराव्यावर टिकू शकते. याच कायद्याच्या कलम २७(३) मधली अनिवार्य फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

मुंबईतले सर्वांत गाजलेले उदाहरण १९५९ च्या नानावटी खटल्याचे. पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या खुनाचा आरोप नौदल अधिकारी के. एम. नानावटींवर होता. तांत्रिकदृष्ट्या ते अपील नव्हते: ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवल्यावर सत्र न्यायाधीशांनीच प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. झटापटीत गोळ्या सुटल्या, हा बचाव होता. पण आंघोळ करून आलेल्या मृताच्या कमरेचा टॉवेल गोळीबारानंतरही जागेवरच होता. शिवाय नानावटींनी आधी जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले होते, त्यामुळे आकस्मिक प्रक्षोभाचा, म्हणजे अचानक संतापाच्या भरात कृत्य घडल्याचा, मुद्दाही टिकला नाही. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली.