होमपेजचं कुलूप मुळात कोणाचं?

इंटरनेट एक्सप्लोरर 6 च्या काळात नेट कॅफेत बसलेल्यांना हे चित्र आठवत असेल. ब्राउझर उघडला की कुठलंतरी अनोळखी सर्चचं पान समोर. टूल्समधून इंटरनेट ऑप्शन्समध्ये जावं, तर होमपेजच्या, म्हणजे ब्राउझर उघडताच दिसणाऱ्या पानाच्या, पत्त्याची चौकट करडी आणि खालची यूज करंट, यूज डीफॉल्ट, यूज ब्लँक ही तिन्ही बटणंही करडी. कितीही क्लिक करा, ढिम्म. कॅफेवाल्याकडे उपाय एकच: फॉरमॅट.

गंमत अशी, की हे कुलूप होमपेज पळवणाऱ्या चोरांनी घडवलेलं नव्हतं. ते मायक्रोसॉफ्टनेच दिलं होतं, कंपन्यांच्या आयटी विभागांसाठी. सगळ्या मशीनवर ऑफिसचंच पान उघडावं, कोणी ते बदलू नये, एवढाच हेतू. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, होमपेजचा पत्ता 'स्टार्ट पेज' या नावाने एका जागी असतो. तो बदलायची मुभा आहे की नाही, हे मात्र 'पॉलिसीज' नावाच्या वेगळ्याच शाखेत. तिथून मायक्रोसॉफ्ट, इंटरनेट एक्सप्लोरर, कंट्रोल पॅनल असं उतरत गेलं की 'होमपेज' नावाची नोंद. तिथे 1 लिहिला की बटणं करडी. तो 1 साहेबाने लिहिला की घुसखोराने, हे विंडोज विचारत नाही. त्यात विंडोज एक्सपीवर घरोघरी ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातूनच काम चालायचं, त्यामुळे घुसलेल्या प्रोग्रॅमलाही आयते सगळे अधिकार. काही महाभाग तर रजिस्ट्री एडिटरही बंद करून ठेवत. म्हणजे किल्ली आत आणि दार बाहेरून लावलेलं.

एका पानासाठी एवढा खटाटोप पैशासाठीच. सर्चच्या पानावर पाठवलेल्या माणसाने जाहिरातीवर क्लिक केलं की पाठवणाऱ्याला वाटा मिळे. 2003 मध्ये आलेल्या कूलवेबसर्च या होमपेज पळवणाऱ्या प्रोग्रॅमने याच जोरावर धुमाकूळ घातला. नवनवे अवतार घेणाऱ्या या त्रासावर मेराइन बेलेकोम या डच विद्यार्थ्याने तो काढून टाकणारं सीडब्ल्यूश्रेडर लिहिलं, आणि त्याचंच हायजॅकधिस. हे दुसरं साधन चांगलं-वाईट ठरवतच नसे. संशयाच्या जागांची फक्त यादी समोर ठेवी. बदललेलं होमपेज 'आर0' किंवा 'आर1' ने सुरू होणाऱ्या ओळीत, आणि आपलं ते करडं कुलूप 'ओ6' मध्ये. बरोबर ओळीवर टिक करून 'फिक्स' दाबलं की बटणं जिवंत. चुकीची टिक पडली तर मात्र नेटच बंद पडायची भीती.

अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर 2004 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सॅनफर्ड वॉलेस आणि त्याच्या सिस्मिक एंटरटेनमेंट या कंपनीविरुद्ध दावा लावला. आरोप असा: आधी लोकांचं होमपेज बदलायचं, पॉपअपचा मारा करायचा, सीडीचा ट्रे आपोआप बाहेर काढून घाबरवायचं आणि मग 30 डॉलरचं 'स्पाय वायपर' विकायचं. 2006 मध्ये वॉलेस आणि त्याच्या कंपनीला 40 लाख डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश झाला.

पुढे टूलबारांचं, म्हणजे ब्राउझरला चिकटणाऱ्या जादा पट्ट्यांचं, युग आलं. फुकटचं सॉफ्टवेअर, नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश, की होमपेज गेलंच. आणि परवानगी आपणच दिलेली. म्हणून फायरफॉक्स आणि क्रोमने सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर आणणारं रिसेटचं बटण दिलं. तरीही 2017 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' हे ब्राउझर पळवणारं सॉफ्टवेअर उघडकीला आणलं, तेव्हा जगभरातल्या 25 कोटींपैकी 2 कोटी 53 लाख बाधित संगणक एकट्या भारतात असल्याचा त्यांचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टला तो आकडा फुगवलेला वाटला, हेही नोंदवायला हवं.

दरम्यान पॉलिसीची जुनी खोड क्रोममध्येही उतरली होती. 'तुमचा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाची ओळ घरच्या लॅपटॉपवर दिसली, तर आधी विचारावं, कसली संस्था? कधीकधी ती अँटीव्हायरसचीच करामत असते. अशा वेळी रिसेट करून उपयोग नाही, कारण नोंद ब्राउझरच्या बाहेर असते. पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम://पॉलिसी' इंग्रजीतून लिहिलं की कोणती पॉलिसी लागू आहे ते दिसतं. ती लिहिणारा प्रोग्रॅम आधी काढायचा, नाहीतर नोंद परत येते. मग रजिस्ट्रीत तीच ओळखीची वाट: सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर मात्र हात न लावता आयटीवाल्याला फोन करा. तिथे ते कुलूप त्याचंच आहे.