कढईतील पाण्याचा हिशेब

ठाणे स्टेशनातून संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बाहेर पडून घोडबंदरच्या बससाठी चालू लागले, की वाटेत कुठेतरी चायनीजच्या गाडीवरील भट्टीचा घोंघावणारा आवाज कानावर येतो. निळसर ज्योत कढईच्या काठाच्याही वर चढलेली असते, गाडीवरचा कारागीर एका हाताने कढई हलवत असतो, दुसऱ्या हातातील पळीने मीठ, सोया सॉस आणि व्हिनेगर टाकत असतो, आणि दोन-तीन मिनिटांत कोबी, गाजर, ढोबळी मिरची आणि नूडल्सची बशी तयार होते. हीच भाजी, हाच सॉस आणि हेच नूडल्स घेऊन आपण घरी तो पदार्थ करू लागतो, तेव्हा पहिली दोन मिनिटे सारे ठीक चालते, मग कढईच्या तळाशी पाणी जमू लागते, चुरचुर आवाज थांबून खदखद सुरू होते आणि शेवटी ताटात उकडलेल्या कोबीचा ओलसर ढीग येतो. माझ्या घरी ही गोष्ट बरीच वर्षे घडत होती. दोष कृतीत किंवा मसाल्यात असावा असे वाटत राहिले. प्रत्यक्षात तो पाण्याच्या आणि उष्णतेच्या हिशेबात होता, आणि हा हिशेब एकदा नीट समजला, की नोकरीवरून आठ वाजता घरी पोहोचणाऱ्या कुटुंबालाही पंधरा-वीस मिनिटांत चांगले जेवण करता येते.

हिशेबाची सुरुवात पाण्याच्या एका गुणधर्मापासून करावी लागते. एक ग्रॅम पाणी खोलीच्या ३० अंश सेल्सिअस तापमानापासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी उष्णता पुरते. पण त्याच एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट. जोपर्यंत कढईच्या तळाशी पाणी आहे, तोपर्यंत शेगडीची सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान १०० अंशांच्या फारसे वर सरकत नाही. आपल्या घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारण दोन ते अडीच किलोवॅट असते आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश उष्णताच भांड्यापर्यंत पोहोचते. म्हणजे प्रत्यक्षात हाती दीड किलोवॅटच्या आसपासच राहते. चिनी स्वयंपाकासाठी बनवलेल्या व्यावसायिक भट्ट्या मात्र २० ते ३० किलोवॅटच्या असतात. ज्योतीचा बराच भाग कढईच्या बाजूने निसटून वाया गेला, तरी भाजीतून पाणी सुटताच त्याची वाफ करून टाकण्याइतकी उष्णता तेथे शिल्लक राहते. घरी अर्धा किलो चिरलेली भाजी नुसती १०० अंशांपर्यंत तापवायलाच दीड मिनिटाहून अधिक वेळ जातो, आणि धुतल्यावर पानांना चिकटून राहिलेले दोन मोठे चमचे पाणी उडवायला आणखी जवळजवळ एक मिनिट लागते. तेवढ्या वेळात भाजीच्या पेशी फुटून स्वतःचे पाणी सोडू लागतात. कोबीत तर वजनाच्या ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते.

म्हणून घरी सर्वांत महत्त्वाची कृती शेगडी पेटवण्याच्या आधीच करायची असते. भाजी धुऊन रोळीत निथळावी, मग स्वच्छ पंचावर पसरून कोरडी करावी. मीठ शेवटी घालावे, कारण मीठ लागताच परासरणामुळे पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते. कोशिंबिरीला मीठ लावून ठेवल्यावर पाणी सुटते, तोच हा प्रकार. चार जणांची भाजी एकदम कढईत न घालता दोन वेळा अर्धी-अर्धी परतावी. दोनदा परतल्याने वेळ वाढेल असे वाटते, पण अनुभव उलटा येतो: प्रत्येक अर्धा भाग दोन मिनिटांत होतो, आणि एकत्र घातलेला ढीग मात्र आठ मिनिटे खदखदत राहतो.

कढई कोणती घ्यावी, याचेही उत्तर या हिशेबातच आहे. शेगडीची ताकद वाढवता येत नसेल, तर उष्णता आधी साठवून ठेवता येते. दोन किलो वजनाची लोखंडी किंवा बिडाची कढई २५० अंशांपर्यंत तापवली आणि भाजी पडल्यावर ती १५० अंशांपर्यंत उतरली, तर त्या उतारात ती सुमारे ९० किलोज्यूल उष्णता भाजीला देते, म्हणजे शेगडीची एका मिनिटाची पूर्ण कमाई. अर्धा किलोची पातळ ॲल्युमिनियमची कढई तेवढ्याच उतारात याच्या निम्मीच उष्णता देऊ शकते. जड कढई तापायला तीन-चार मिनिटे लागतात. तो वेळ आले-लसूण चिरण्यात जातो. कढई पुरेशी तापली की नाही, हे तेल घालण्यापूर्वी कोरड्या कढईत पाण्याचा एक थेंब टाकून पाहावे. तो चर्र करून नाहीसा झाला, तर कढई अजून तापायची आहे. तो गोळी होऊन मण्यासारखा घरंगळू लागला, तर तापमान २०० अंशांच्या आसपास पोहोचले आहे. थेंबाखाली तयार झालेली वाफेची पातळ गादी त्याला धातूपासून वेगळे ठेवते. योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये या घटनेचे सविस्तर वर्णन केले आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तेल घातल्यानंतर मात्र ही परीक्षा मुळीच करू नये, कारण तापलेल्या तेलात पडलेले पाणी स्फोटासारखे उडते. नॉनस्टिक भांडे या कामाला घेऊ नये. त्यावरील लेप २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामे भांडे त्या तापमानाला पाहता पाहता पोहोचते.

गाडीवरील कारागिराचे कढई उडवणे पाहून घरीही तसे करण्याचा मोह होतो. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतील दोन संशोधकांनी व्यावसायिक आचाऱ्यांची चित्रफीत घेऊन केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कढईचे एक आवर्तन सुमारे एक तृतीयांश सेकंदात पूर्ण होते असे आढळले. भाताचे दाणे सतत हवेत जात असल्याने प्रचंड आचेवरही ते करपत नाहीत. आपल्याकडे ती प्रचंड आच नाही, त्यामुळे करपण्याचा तेवढा धोकाही नाही, आणि कढई ज्योतीवरून उचलली की मिळणारी थोडकी उष्णताही तुटते. घरी उलट भाजी पसरून अर्धे मिनिट अजिबात न हलवता राहू द्यावी, मग उलथन्याने पालटावी. तेवढ्या अवकाशात तळाला टेकलेला पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या वर जातो आणि साखर व अमिनो आम्ले यांच्यातील ती अभिक्रिया वेगाने सुरू होते, जिचे वर्णन लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. भाकरीवरचे तपकिरी डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आणि गाडीवरच्या नूडल्सची खमंग चव यांच्या मुळाशी ही एकच अभिक्रिया आहे.

आता चिरण्याविषयी, कारण या पाककलेचा वेग शेगडीपेक्षा सुरीतून अधिक येतो असे माझे ठाम मत आहे. पदार्थाच्या पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली की वेळ एक चतुर्थांश होतो, आणि जाडी एक चतुर्थांश केली की वेळ सोळाव्या भागावर येतो. पाणीदार अन्नासाठी ढोबळ हिशेब केला, तर दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पुरेशी झिरपायला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि अर्धा सेंटिमीटर जाडीच्या कापेला पाऊण मिनिट पुरते. चीनमध्ये जळण जपून वापरण्याच्या गरजेतून बारीक चिरून झटपट परतण्याची पद्धत रुजली, असे जे सांगितले जाते, त्यात या वर्गाच्या नियमाचे व्यावहारिक ज्ञान दिसते. जाडी सारखी ठेवणे बारीक चिरण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण एकाच कढईत तीन मिलिमीटरची आणि सहा मिलिमीटरची गाजरे पडली, तर दुसऱ्यांना चौपट वेळ हवा असतो. फरसबी व गाजर तिरके कापले, की जाडी न वाढवता कढईला टेकणारा पृष्ठभाग वाढतो. विळीवर कोबी चिरण्याची सवय असलेल्या हाताला हे शिकवावे लागत नाही. आमच्याकडे जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेली भाजी आदल्या रात्री चिरून, कोरड्या पंचात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली जाते. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा अर्धा वेळ वाचतो आणि पानांवरचे पाणीही उडून गेलेले असते.

कोंबडीचे किंवा कोळंबीचे तुकडे या आचेवर चिवट होतात, कारण प्रथिनांचे धागे आकसून आतले पाणी पिळून काढतात. पाव किलो कोंबडीच्या पातळ कापांना पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटांनी धुऊन कोरडे केले, तर वाढलेल्या अल्कधर्मीपणामुळे हे धागे एकमेकांना घट्ट बिलगू शकत नाहीत आणि मांस मऊ राहते. त्यावर कॉर्नफ्लोअरचा पातळ लेप दिला, की बाहेर पडणारा रस तो लेप शोषून घेतो. नूडल्सच्या बाबतीतही अल्काचा असाच उपयोग केला जातो: चिनी आणि जपानी पिवळसर नूडल्समध्ये सोडियम व पोटॅशियम कार्बोनेट असते, आणि त्यानेच त्यांना चिवट लवचिकता व पिवळा रंग येतो. पापडाच्या पिठात पापडखार घालणाऱ्या आपल्या घरांना हे रसायन नवे नाही.

सॉस एका वाटीत आधीच कालवून ठेवावा. कॉर्नफ्लोअर गार पाण्यातच मिसळायचे असते. त्याचे कण साधारण ६२ अंशांपासून फुगू लागतात आणि उकळीच्या जवळ पोहोचल्यावर रस दाट होतो, पण कोरडे पीठ गरम रसात पडले तर गुठळीचा बाहेरचा थर आधी चिकट होतो आणि आतले पीठ कोरडेच राहते. सोया सॉसच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला सांगितलेली मर्यादा २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे. चार जणांना मिळून दोन चमचे पुरे, आणि मग वेगळे मीठ जवळजवळ लागत नाही.

या सॉसची खोल चव ग्लुटामेटची असते. टोकियोतील प्राध्यापक किकुनाए इकेडा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळाच्या रसातून ती वेगळी काढून तिला उमामी हे नाव दिले. शिंतारो कोडामा यांनी १९१३ मध्ये सुकवलेल्या माशातून इनोसिनेट हा दुसरा उमामी घटक शोधला, आणि हे दोन्ही एकत्र आले की चव त्यांच्या बेरजेहून कितीतरी पट वाढते, हे पुढे सिद्ध झाले. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही भरपूर असते आणि इनोसिनेट मासळीत असते. त्यामुळे घरात सुके बोंबील असतील, तर त्यांचा भाजून केलेला चमचाभर चुरा आणि एक परतलेला टोमॅटो यांनी साध्या नूडल्सलाही ती खोली येते.

घटक कढईत पडण्याचा क्रम सुगंध आणि रंग यांच्यावरून ठरतो. बारीक लसूण तीव्र आचेवर काही सेकंदांत कडू होतो, म्हणून तो भाजी अर्धी झाल्यावर बाजूला जागा करून घालावा. व्हिनेगर अगदी शेवटी घालावे; आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि फरसबी, पातीचा कांदा व ढोबळी मिरची यांचा हिरवा रंग मळकट होतो. भाजलेल्या तिळाच्या तेलाचा वास बाष्पनशील असल्याने ते शेगडी बंद केल्यावरच घालावे. येथे कोकणी वाचकांना सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. सिचुआन मिरी म्हणून ओळखला जाणारा, जिभेवर मुंग्या आणणारा चिनी मसाला झँथोझायलम या प्रजातीतील झाडांचा आहे, आणि आपण बांगड्याच्या आमटीत घालतो ते तिरफळ त्याच प्रजातीचे आहे. लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की सिचुआन मिरीमुळे ओठांवर जाणवणारी थरथर सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी असते. तिरफळाचे बी काढून साल जाडसर कुटून चिमूटभर वापरून पाहावी.

राहिला भात. आदल्या दिवशीचा भात परतायला मोकळा लागतो, कारण थंड होताना भातातील स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसतात, दाणा घट्ट होतो आणि पृष्ठभागाचा ओलावा कमी होतो. आपला फोडणीचा भात शिळ्या भाताचाच चांगला होतो, त्यामागील कारण हेच आहे. पण येथे सावधगिरीची खरी गरज आहे. तांदळावर बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते अंकुरतात, वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष १२१ अंशांवर तासभराहून अधिक वेळ तापवूनही टिकते, म्हणजे कढईतील कोणतीही आच त्याला नष्ट करू शकत नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी उपाहारगृहांतील फ्राइड राइस खाऊन झालेल्या विषबाधांच्या मालिकेमुळे हा धोका ठळकपणे पुढे आला. तेथे शिजवलेला भात तासन्‌तास खोलीच्या तापमानाला ठेवला जात असे. ठाण्याच्या हवेत, जेथे वर्षाचे बरेच महिने ओट्यावरचे तापमान ३० अंशांच्या आसपास राहते, रात्रीचा भात कूकरमध्येच सकाळपर्यंत झाकून ठेवणे या जिवाणूला हवे तेच देणे आहे. भात शिजताच मोठ्या ताटात पातळ पसरावा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यावी आणि तासाभराच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा; खोल पातेल्यातला भात आतून थंड व्हायला फार वेळ घेतो, कारण जाडीच्या वर्गाचा तो नियम थंड होण्यालाही लागू आहे. असा भात दुसऱ्या दिवशीच संपवावा आणि परतताना वाफाळेपर्यंत तापवावा. सकाळी सातला शाळेच्या डब्यात भरून दुपारी एकला उघडायचा असेल, तर परतलेल्या भाताऐवजी पोळीत गुंडाळलेली परतलेली कोरडी भाजी द्यावी, आणि फ्राइड राइस रात्री, सर्व जण घरी असताना, कढईतून थेट ताटात वाढावा.