उंच वाफा कशाचा बांधावा? नागपूरच्या उन्हात आणि काळ्या मातीत टिकणारं साहित्य

उंच वाफा, म्हणजे चारही बाजूंनी भिंत घालून माती वर आणलेला भाजीचा वाफा, बांधून घ्यायला आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी भाव विचारतात आणि मग, "सागवान बरं की पत्रा?" आम्ही उलट विचारतो, वाफा जमिनीवर की गच्चीवर? जमिनीवर असेल तर फूटभर खणल्यावर खाली काळी माती लागते की मुरूम? हे कळल्याशिवाय साहित्य सुचवण्यात अर्थ नाही. नागपुरात आम्ही पाहिलेले मोडके वाफे बहुतेक तळातून मोडलेले असतात. पायथा सरकतो, सांध्यात पाणी बसतं किंवा ओल धरलेल्या लाकडाला वाळवी लागते. वरचा भाग तोवर चांगलाच असतो.

म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा, मग या.

आधी एक खरं सांगतो

उंच वाफ्याचा खरा उपयोग आपल्याकडे पावसाळ्यात होतो. वर्षाचा हजारेक मिलिमीटर पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, काळी माती पाणी सोडत नाही आणि टमाटर, मिरचीची मुळं कुजतात. माती फूटभर वर आणली की हा त्रास संपतो. पण हाच वाफा मे महिन्यात जमिनीपेक्षा लवकर वाळतो, कारण त्याला चारही बाजूंनी ऊन लागतं. त्यामुळे पालेभाजी, सांभार (कोथिंबीर), वांगी, मिरची यांच्यासाठी एक फूट उंची पुरे. अडीच फुटी वाफा गुडघेदुखीमुळे वाकता न येणाऱ्यांसाठी ठीक. हौस म्हणून केलात तर उन्हाळाभर पाणी घालत बसाल. आणि तुमच्या प्लॉटला उतार असेल, खाली मुरूम असेल, पाणी तुंबत नसेल, तर वाफ्याला भिंतच नको. माती ओढून साधे गादीवाफे करा. आम्ही तसं तोंडावर सांगतो, मग भले ऑर्डर जाओ.

रुंदी चार फुटांच्या वर नेऊ नका, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. कंपाउंडच्या भिंतीला टेकून असेल तर दोन फूट. आठ बाय चार फुटांच्या, एक फूट उंच वाफ्याला 32 घनफूट माती लागते, म्हणजे ब्रासचा (100 घनफुटांचा) जवळजवळ तिसरा हिस्सा. पहिल्या पावसात ती खाली बसते, तेव्हा थोडी जास्तच मागवा.

खालची जमीन

शेतजमिनीवर पडलेल्या ले-आउटमध्ये बऱ्याचदा खोलवर काळी माती असते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा देते. या भेगांत मे महिन्यात अख्खा हात जातो. तिच्यावर थेट विटांची भिंत उभी केली तर दोन उन्हाळ्यांत कोपरा तडकतो, आणि लोक दोष विटेला देतात. भिंतीखाली नऊ इंच चर खणा, काळी माती काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून दुरमुसाने ठोका. मुरूम फुगत नाही आणि पाणीही जाऊ देतो. या एका कामावरचा खर्च वाचवू नका. बाकी सगळीकडे काटकसर चालेल.

खाली प्लास्टिकचा कागद अंथरू नका. कुणीतरी तसं सांगितलेलं असतं, आणि पावसाळ्यात वाफ्याची टाकी होते. तण येऊ नये म्हणून जुनी वर्तमानपत्रं किंवा खरड्याचे (पुठ्ठ्याचे) खोके अंथरा, सहा महिन्यांत त्यांची माती होते.

वीट

नागपुरात विटेचा वाफा हा मध्यम मार्ग. साडेचार इंच जाडीची भिंत, जमिनीखाली दोन थर, वर चार थर. आठ बाय चारच्या वाफ्याला तुटफूट धरून दोनशेच्या आसपास विटा लागतात. लाल वीट घ्या किंवा राखेची वीट, म्हणजे फ्लाय ॲशची. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं शेजारीच असल्याने ही वीट इथे सहज मिळते, मापात एकसारखी असते आणि चांगली पिकलेली असेल तर खूप टिकते. अडचण आहे ती कच्च्या मालाची. पाणी न मारता घाईत विकलेल्या विटेच्या कडा पहिल्याच पावसाळ्यात झडतात.

वीट पारखायला इंजिनीअर लागत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटा, आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आला तर ठेवून द्या. नखाने ओरखडा काढा, खोल गेला तर नको. आणि गाडीभर माल घेण्याआधी एक वीट घरी आणा, किराण्याच्या काट्यावर कोरडी मोजा, चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. भारतीय मानकाप्रमाणे साध्या भाजक्या विटेने वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे तीन किलोची वीट तीन किलो सहाशे ग्रॅमच्या वर गेली की समजा, हीच वीट मातीचं पाणीही रोज पिणार.

बोअरचं पाणी जड असेल तर विटेवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, दिसतो. दिसायला वाईट, पण झाडाला काही होत नाही. कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलं तर तो परत विटेतच मुरतो. आतल्या बाजूने प्लास्टर करायची गरज नाही. मात्र जमिनीवरच्या सगळ्यात खालच्या थरात दर दोन-तीन फुटांवर एक उभी फट बिनचुन्याची, म्हणजे बिनसिमेंटची सोडा. अडलेलं पाणी भिंतीला ढकलत राहतं, आणि फुगलेली भिंत परत आत जात नाही.

नवीन सिमेंटमधून सुरुवातीला खार उतरतो. सात ते चौदा दिवस पाणी मारा, मग वाफा एकदोनदा पाण्याने भरून सोडून द्या, त्यानंतर माती घाला. आपल्या मातीत चुनखडी मुळातच असते, त्यामुळे सिमेंटची फार धास्ती घेऊ नका.

दगड, फरशी, सिमेंटच्या प्लेट

देखभाल शून्य हवी असेल तर आमची पहिली शिफारस इथे आहे. काळा दगड सुका रचून घ्या, सिमेंट न लावता. जमीन हलली तर दगडही थोडे हलतात, तडा जात नाही; एखादा सरकला तर हाताने बसवता येतो. जागा जास्त लागते आणि रचणारा माणूस जाणकार हवा, एवढंच.

कोटा फरशीचे उभे तुकडे हा स्वस्तातला उपाय. फरशीच्या दुकानात कापून उरलेल्या पट्ट्या पडून असतात, भाव करून घ्या. इंचभर जाडीची पट्टी, तिचा एक तृतीयांश भाग जमिनीत. दीड फुटी पट्टीचा सहा इंच भाग आत गेला की वर फूटभर उरतो. पातळ फरशी घेऊ नका, फावडं लागलं की फुटते.

कंपाउंडसाठी मिळणाऱ्या सिमेंटच्या तयार प्लेट आणि खाच असलेले खांब लोकांच्या लक्षातच येत नाहीत. खांब रोवायचे, खाचेत प्लेट सरकवायची, झालं. ना वाळवी, ना गंज, घर बदललं तर काढूनही नेता येतं. वजनदार असतात, दोन माणसं लागतात. दिसायला गोजिऱ्या नाहीत हे मान्य. बाहेरून चुना मारा. पांढऱ्या रंगाने ऊनही परतवलं जातं.

लाकूड

लाकूड विकत घेताना झाडाच्या नावापेक्षा तुकड्याचा रंग बघा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाचा लौकिक खरा आहे, पण तो गाभ्याच्या लाकडाचा. सोनेरी-तपकिरी गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. त्याच्या कडेचं फिकट पांढरट लाकूडही सागवानच म्हणून विकलं जातं, आणि वाळवी ते आनंदाने खाते. लकडगंजच्या लाकूडबाजारात फळी घेताना दोन्ही टोकं बघा. एका कडेला बोटभर पांढरी पट्टी असेल तर तेवढी रंधून काढायला सांगा.

नव्या सागवानाचा वाफा परवडतो असं आम्हाला वाटत नाही. पाडलेल्या घरांची जुनी दारं, तुळया, चौकटी मिळाल्या तर जरूर घ्या, पण जुना तेलरंग लागलेला भाग टाळा, त्यात शिसं असू शकतं. दीड इंच जाडीची फळी हवी. आठ फुटांची बाजू मध्ये बाहेर फुगते, म्हणून दर चार फुटांवर आत खुंटी किंवा आडवी पट्टी द्या. फळी थेट मातीवर न टेकवता मुरूम किंवा विटेच्या थरावर ठेवा. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, बाहेरच्या अंगाला जवसाचं कच्चं तेल चोळा. आतून डांबर, ब्लॅक जपान (काळा डांबरी रंग), वाळवीचं औषध यांतलं काहीही नको. भाजी तुम्हीच खाणार आहात.

खालच्या वस्तू फुकट मिळाल्या तरी भाजीच्या वाफ्याला वापरू नका:

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरलेलं विषारी डांबरी तेल, पाजलेलं असू शकतं, उन्हात त्याचा वास येतो आणि हाताला चिकटतं.

हिरवट झाक असलेलं, तांबं-क्रोम-आर्सेनिकने प्रक्रिया केलेलं लाकूड. अमेरिकेतल्या कंपन्यांनी 2003 अखेर घरगुती वापरासाठी ते बंद केलं.

सिमेंटचे जुने नालीदार पत्रे. त्यांत ॲसबेस्टॉस असतं. कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते.

पॅकिंगचे पाइनचे पॅलेट आपल्या पावसात फार टिकत नाहीत. वापरायचेच असतील तर शिक्का बघा: 'एचटी' म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालेल, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको.

बांबूबद्दल बरेच जण विचारतात. मातीत पुरलेला कच्चा बांबू एक-दोन पावसाळे काढतो. बोरॅक्सची प्रक्रिया केली तरी ओल्या मातीत ते हळूहळू धुऊन जातं, आणि जास्त बोरॉन झाडालाही सोसत नाही. मांडव, वेलाचा आधार यासाठी बांबूसारखं दुसरं काही नाही. वाफ्याच्या भिंतीला नको.

पत्रा

पत्र्याचे वाफे आम्ही स्वतः बनवतो, तरीही सांगतो, पश्चिमेकडून ऊन येणाऱ्या मोकळ्या जागी ही पहिली निवड नाही. पारा 45 वर गेला की त्या बाजूची चार बोटं माती तापते आणि तिथली मुळं मागे हटतात. झाडाची किंवा भिंतीची सावली असेल, किंवा मार्च ते जून ग्रीन नेट लावणार असाल, तर पत्रा उत्तम. हलका, झटपट, वाळवीचा प्रश्नच नाही.

पत्रा घेताना दोन आकडे विचारा. एक जाडी: गेजचा आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ, इथे अनेकांची फसगत होते. दुसरा जस्ताचा थर, तो दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात. 120 ग्रॅमचा पत्रा छपराला चालतो. ओल्या मातीला सतत चिकटून राहायचं असेल तर 275 ग्रॅमचा मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. गंज सुरू होतो तो कापलेल्या कडेला, भोकाजवळ आणि वेल्डिंगवर, कारण तिथला जस्त गेलेला असतो. या जागी झिंक पेंटचे दोन हात द्या, नट-बोल्टही जस्त चढवलेले वापरा. पत्र्याला लागून रासायनिक खत टाकू नका, क्षारांनी पत्रा लवकर खाल्ला जातो. वरची कड दुमडलेली किंवा रबर लावलेली नसेल तर वाफा घेऊच नका, घरात लहान मुलं असतात.

गच्ची

ओल्या मातीचं वजन घनमीटरला 1600 ते 2000 किलो भरतं. म्हणजे फूटभर खोलीचा वाफा दर चौरस मीटरला पाचशे-सहाशे किलो. घराच्या वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलोचा वापराचा भार धरतात. हिशेब तुमच्यासमोर आहे. गच्चीवर विटांचा किंवा दगडाचा वाफा आम्ही बांधून देत नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो. स्लॅब जुना असेल किंवा कुठे ओल दिसत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

गच्चीसाठी जाड एचडीपीई प्लास्टिकच्या ग्रो बॅग (झाडं लावायच्या पिशव्या) बऱ्या, पण ऊन सोसणाऱ्या, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेल्या. साध्या पिशव्यांचा उन्हाळ्यानंतर भुगा होतो. मातीत कोकोपीट आणि कंपोस्ट निम्म्याहून जास्त ठेवा, पिशव्या मधोमध न मांडता तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेवर ठेवा, खाली विटेचे तुकडे देऊन हवा खेळू द्या. पाणी जाळीकडे वाहून गेलं पाहिजे. केमिकलचे जुने निळे ड्रम कापून वापरू नका, आत काय होतं ते कळत नाही.

काम कधी काढावं

विटेचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उत्तम. जमिनीत बेताची ओल असते आणि भिंतीला पाणी मारणंही जमतं. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर बांधलं तर पावसात तीच जमीन फुगून भिंत उचलते. घाईच असेल तर चर आधी दोन दिवस पाण्याने भरून ठेवा. पत्र्याचे आणि प्लेटचे वाफे कधीही लावा, फक्त मृगाच्या आधी आठ-पंधरा दिवस सांगा. तेव्हा आमच्याकडेही गर्दी असते.

येताना जागेचं माप, सकाळी दहाचा आणि दुपारी चारचा असे दोन फोटो, आणि फूटभर खालून काढलेलं मातीचं ढेकूळ एवढं आणा. ढेकूळ पिशवीत आणा, ओलं असलं तरी चालेल.